बिअरवरचा फेस टिकत का नाही? घरी बिअर करणाऱ्या कोकणी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात घरी बिअर करता येते का? आणि हे प्रश्न नेमके कोणाचे आहेत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट "नाही" असे आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते पाच लिटर का असेना. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७९ पासून मोकळीक दिली, तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्ये २०१३ पर्यंत अडून बसली होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही स्वतःच्या वापरापुरती बिअर घरी करता येते.

मी अकरा वर्षे इंग्लंडात ब्रिस्टलला होतो आणि तिथे जवळजवळ दर महिन्याला वीस लिटरचा एक घाणा काढीत असे. आता वेंगुर्ल्याला परतल्यावर ते बंद झाले. परंतु ऑकलंड, ब्रिस्बेन, टोरोंटो येथे राहणारे भाचे, पुतणे आणि त्यांचे मित्र गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतात, तेव्हा फिरून फिरून फेसाबद्दलच विचारतात. खालील प्रश्न त्यांचे आहेत. ज्यांना बिअर करायची नाही, फक्त विकतची बाटली ग्लासात नीट ओतायची आहे, त्यांनाही ग्लासाविषयीची उत्तरे उपयोगी पडावीत.

फेस दोन मिनिटांत बसतो. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) बदलू, की गहू वाढवू?

आधी ग्लास बदलावा. हे मी सहज म्हणत नाही, कारण या एका चुकीपायी माझे तीन घाणे वाया गेले आहेत, म्हणजे वाया गेले असे मी समजून बसलो होतो.

ब्रिस्टलला असताना एका हिवाळ्यात माझ्या बिअरवरचा फेस सोड्यासारखा सळसळत नाहीसा होऊ लागला. मी पहिल्या घाण्यात गव्हाचे माल्ट वाढवले, दुसऱ्यात हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुले) वाढवले, तिसऱ्यात मॅशचे, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवण्याचे, तापमान बदलले, आणि फरक शून्य. त्याच सुमारास आई वेंगुर्ल्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. एका संध्याकाळी तिने आमटीसाठी तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजत ठेवली होती. डाळीचा फेस काठापर्यंत चढला, तसा तिने चमच्याच्या टोकावरून तेलाचा एक थेंब त्यात सोडला आणि तो वीतभर फेस डोळ्यांदेखत खाली बसला. ही गोष्ट मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिली होती. त्या दिवशी मात्र माझी नजर तिथून बेसिनकडे गेली. नारळाच्या वाटपाची कढई, मॅकरेल तळलेला तवा (मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलत भाऊ) आणि बिअरचे ग्लास एकाच पाण्यात, एकाच घासणीची वाट पाहत पडले होते. आईला मी माझे दुखणे सांगितले, तेव्हा ती हात न थांबवता म्हणाली, "एकाच घासणीन सगळां घासतंस, मगे फेस खयसून रवतलो?"

त्याच घाण्यातली बाटली मी नव्या, वेगळ्या धुतलेल्या ग्लासात ओतली. फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला आणि काचेवर जाळी धरून राहिला. बिअरमध्ये काहीच बिघाड नव्हता.

पण आमचे ग्लास स्वच्छ असतात. मग तेल येते कुठून?

डोळ्यांना स्वच्छ दिसणारा ग्लास आणि बिअरसाठी स्वच्छ असलेला ग्लास यांत अंतर आहे. फेस मोडण्यासाठी तेलाचा अतिशय पातळ थर पुरतो, तो काचेवर दिसत नाही आणि हाताला लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात तो थर कसा साचतो हे पाहिले तर आश्चर्य वाटत नाही. रोज फोडण्या होतात, तळण होते, आणि त्या वाफेबरोबर उडणारे तेलाचे कण उघड्या फळीवरच्या भांड्यांवर जाऊन बसतात. मिक्सरच्या मागे हात फिरवला की चिकट लागते, तेच ग्लासाच्या आतही असते. पावसाळ्यात दमट हवेमुळे ग्लास लवकर वाळत नाहीत, म्हणून ते फडक्याने पुसले जातात, आणि ते फडके आदल्या दिवशी कशाला लागले होते हे कोणी सांगू शकत नाही.

दुसरा शत्रू साबण. भांड्यांच्या द्रवाचा अंश ग्लासात राहिला तर तोही फेस धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना बुडबुड्यांच्या पडद्यावरून हुसकावून लावतो. साबणाला स्वतःचा फेस येतो म्हणून तो बिअरच्या फेसाला मदत करील, ही समजूत उलटी आहे.

तिसरा शत्रू ओठ. तळलेले बोंबील, खारे काजू, ओठांना लावलेले मलम यांतली चरबी पहिल्या घोटाबरोबर ग्लासात उतरते. यावर उपाय नाही, आणि असला तरी मी सुचवणार नाही. बोंबलाशिवाय बिअर पिण्यापेक्षा फेस थोडा लवकर बसलेला बरा.

ग्लास कसा धुवावा आणि कसा तपासावा?

बिअरचे ग्लास वेगळे ठेवावेत, त्यांची घासणी वेगळी असावी आणि ती कधीही तेलकट भांड्याला लावू नये. महिन्यातून एकदा धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून त्यात ग्लास अर्धा तास बुडवून ठेवावेत. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे तेलाचा थर सुटतो. हे करताना हातमोजे घालावेत. पूर्वी आपल्याकडे चुलीतल्या राखेने भांडी घासत, त्यामागेही हेच रसायन होते, कारण राखेतील पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा काढते. काचेला मात्र राखेने ओरखडे पडतात, म्हणून ती आठवण तेवढी ठेवावी. नंतर साध्या पाण्याने दोनतीनदा भरपूर खंगाळावे आणि जाळीच्या रॅकवर उपडे वाळू द्यावे. फडक्यावर उपडे ठेवल्यास आतली हवा कोंडून वास धरतो.

तपासणी सोपी आहे. ग्लास पाण्यात बुडवून उपडा करावा. पाणी सलग पातळ पडद्यासारखे ओघळले तर ग्लास स्वच्छ, आणि थेंब थेंब सुटून थांबले तर तेल शिल्लक आहे. दुसरी कसोटी मिठाची: ओल्या ग्लासाच्या आतून बारीक मीठ भुरभुरावे. ज्या जागी मीठ चिकटत नाही, तिथे तेल आहे. मी पहिल्यांदा ही कसोटी केली तेव्हा मीठ वर काठाशी आणि खाली बुडाशी चिकटले आणि मध्ये चार बोटांचे कोरडे ठसे उमटले. ग्लास पुसताना आत हात घालणाऱ्याचे ते ठसे होते, म्हणजे माझेच.

बिअरचा फेस मुळात कशाचा बनतो?

बुडबुड्यात कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तो तर सोड्यातही असतो; तरीही सोड्याचा फेस क्षणात जातो. फरक बुडबुड्याभोवतीच्या पडद्यात आहे. बार्लीमधून आलेली काही प्रथिने उकळण्यातूनही तग धरून बिअरमध्ये राहतात. त्यांतली दोन नावे सतत ऐकू येतात, एक प्रथिन झेड आणि दुसरे एलटीपी-१. प्रथिनाच्या रेणूचा काही भाग पाण्याला धरून राहू पाहतो आणि काही भाग पाण्यापासून पळू पाहतो, त्यामुळे तो द्रव आणि वायू यांच्या सीमेवर जाऊन बसतो. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी बसले की लवचीक कातडे तयार होते.

हॉप्सचा कडूपणा या कातड्याला शिवण घालतो. उकळताना हॉप्समधील अल्फा आम्लांचे रूपांतर आयसो-अल्फा आम्लांत होते आणि ती प्रथिनांना एकमेकांशी बांधतात. म्हणूनच ओतल्यावर थोड्या वेळाने फेस अधिक घट्ट, जवळजवळ फेटलेल्या सायीसारखा होतो आणि पिताना काचेला वर्तुळाकार जाळी चिकटून राहते. जाळी दिसली की प्रथिने आणि हॉप्स दोन्ही जागेवर आहेत आणि ग्लास स्वच्छ आहे, असे समजावे.

फेस बसतो तो तीन प्रकारे. पडद्यांमधली बिअर खाली निथळते आणि पडदे पातळ होतात. लहान बुडबुड्यांतला वायू शेजारच्या मोठ्या बुडबुड्यांत शिरतो, त्यामुळे बारीक फेस जाऊन खडबडीत फेस उरतो. आणि शेवटी पडदे फुटतात. तेलाचा कण या तिसऱ्या टप्प्याला बोलावणे धाडतो. तो पडद्यावर पसरतो, तिथली प्रथिने बाजूला सारतो, आणि पडदा तिथे फाटतो.

माडीवरही फेस येतो. तो का टिकत नाही?

ताज्या माडीवरचा फेस टिकत नाही, तो सतत नवा येत राहतो. मडक्यात रस थेंबथेंब पडत असतानाच आंबणे सुरू झालेले असते, त्यामुळे वायू निर्माण होतच असतो. मात्र नारळाच्या पोयीतून येणारा रस हा मुख्यतः साखरेचा असतो. त्यात बार्लीसारखी फेस धरणारी प्रथिने नसतात आणि हॉप्स तर नसतातच. म्हणून माडीचे बुडबुडे मोठे, पारदर्शक आणि अल्पायुषी असतात. फेस येणे आणि फेस टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माडीइतके स्वच्छ दुसरे काही दाखवत नाही.

कोणते धान्य वाढवावे? तांदूळ किंवा नाचणी चालेल का?

ग्लासाची शंका फिटली असेल तरच या प्रश्नाकडे वळावे. एकूण धान्याच्या ५ ते १० टक्के गव्हाचे माल्ट घातल्यास बहुतेक बिअरमध्ये फेस स्पष्टपणे सुधारतो, कारण गव्हातली प्रथिने फेसाला अनुकूल असतात. बार्लीचे पोहे, म्हणजे माल्ट न केलेली चपटी बार्ली, तितक्याच प्रमाणात घातली तरी गुण येतो. तिच्यातील बीटा-ग्लुकॅन या चिकट तंतूमुळे बिअर किंचित दाट होते आणि पडद्यांतून निथळणे मंदावते. ओट्समध्येही बीटा-ग्लुकॅन भरपूर असते, पण त्याच्याबरोबर चरबीही इतर धान्यांपेक्षा जास्त येते, तेव्हा तिथे हात आखडता घ्यावा. गडद भाजलेल्या माल्टमुळेही फेस सुधारतो, हे काळ्या स्टाउटवरचा तपकिरी फेस पाहून कोणाच्याही ध्यानात येईल.

तांदूळ चालतो, पण फेसाच्या दृष्टीने तो पाहुणा आहे, घरचा माणूस नाही. तो पिष्ट (स्टार्च) देतो आणि प्रथिने जवळजवळ देत नाही, त्यामुळे जितका तांदूळ वाढवाल तितकी बार्लीची प्रथिने विरळ होतात. उकड्या तांदळाने यात काही फरक पडत नाही. शुद्ध साखर किंवा गूळ घातल्यावरही हेच घडते. नाचणीचे माल्ट मी एकदा दहा टक्के घालून पाहिले; रंग सुरेख आला, चवीला मातीचा हलका गंध आला, फेसात मला फरक जाणवला नाही.

मॅश करताना प्रथिनांसाठी ५० अंशांवर थांबावे, असे जुन्या पद्धतीत सांगतात. थांबावे का?

थांबू नये. पूर्वीचे माल्ट पुरेसे मुरलेले नसे, म्हणून ४५ ते ५५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान थांबून प्रथिने तोडावी लागत. आजचे माल्ट कारखान्यातच व्यवस्थित मुरून येते, आणि त्या तापमानावर रेंगाळल्यास फेसाला लागणारी मोठी प्रथिनेच चिरली जातात. सरळ ६५ ते ६७ अंशांवर मॅश करावे. हौस असल्यास शेवटी ७० ते ७२ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. अनेक जण याचा फायदा सांगतात आणि माझाही अनुभव बरा आहे, पण घाणेरड्या ग्लासावर तो उतारा नव्हे.

उकळणे ६० मिनिटे पुरेसे असते. नंतर तळाशी बसलेला गाळ शक्यतो पातेल्यातच राहू द्यावा, कारण त्यात माल्टमधली बरीच चरबी गोळा झालेली असते.

बिअरमध्ये नारळ, कोकम किंवा काजू घालायचे आहेत. फेसाचे काय होईल?

परदेशात राहणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाला हा मोह एकदा तरी होतोच, आणि होऊ नये असेही मला वाटत नाही. फक्त कशात तेल आहे आणि कशात नाही, हे आधी ओळखावे.

ओल्या नारळाचा चव घालणे म्हणजे फेसाला तेलाने अभ्यंग घालण्यासारखे आहे. नारळाचा गंध हवाच असेल तर सुके खोबरे किसून मंद आचेवर कोरडे भाजावे, सुटलेले तेल कागदावर टिपून घ्यावे, आंबणे संपल्यावर ते कापडी पुरचुंडीत बांधून तीनचार दिवस बिअरमध्ये ठेवावे आणि नंतर बिअर खूप थंड करावी. थंडाव्यात खोबरेल गोठते आणि वर तरंगते, तेव्हा खालून बिअर काढून घ्यावी. तरीही फेस थोडा कमी पडणारच. शहाळ्याच्या पाण्यात तेल नगण्य असल्यामुळे फेसाला त्याचा त्रास नाही, मात्र ती साखरच असल्याने बिअर थोडी पातळ होते.

कोकमाची साल, म्हणजे आमसूल, बिनधास्त घालावी. आंबट बिअरमध्ये तिचा रंग देखणा दिसतो. बी मात्र एकही जाऊ देऊ नये. थंडीत टाचांच्या भेगांना आपण जे मुठेल लावतो, ते त्याच बियांमधून काढलेले असते, आणि भेग बुजवणारी ती घट्ट चरबी फेसाचे काय करील हे वेगळे सांगायला नको. बाजारातल्या आमसुलांना मीठ लावलेले असते, म्हणून ती आधी धुऊन घ्यावीत. काजूगर ग्लासाच्या बाहेर वाटीत ठेवावेत.

गरम हवेत आंबवलेल्या बिअरला फेस कमी का येतो?

ब्रिस्बेनच्या भाच्याचा हा दर उन्हाळ्याचा प्रश्न असतो, आणि तिथला उन्हाळा आपल्या मे महिन्याची आठवण करून देणारा असल्यामुळे मला तो चांगला समजतो. ३० अंशांच्या घामट खोलीत यीस्टची ओढाताण होते. थकलेले, उपाशी यीस्ट प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) बिअरमध्ये सोडते, आणि पुढे त्याच्या पेशी फुटू लागल्या की त्यांतली मेदाम्लेही बाहेर येतात. म्हणजे एकीकडे फेसाचा कच्चा माल कमी होतो आणि दुसरीकडे फेस मोडणारा पदार्थ वाढतो. घरगुती बिअर पाश्चरीकृत नसल्यामुळे हे विकर बाटलीतही आपले काम चालू ठेवते, म्हणून काही बाटल्यांना पहिल्या महिन्यात सुंदर फेस असतो आणि चौथ्या महिन्यात नसतो.

यीस्ट ताजे आणि पुरेसे घालावे, फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओला पंचा गुंडाळावा आणि समोर पंखा लावावा. काही अंशांचा उतार नक्की मिळतो. दमट दिवशी तो कमी मिळतो, कारण पंच्यातले पाणी उडतच नाही, अशा वेळी टबात बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात. आंबणे संपल्यावर बिअर यीस्टवर आठवडेच्या आठवडे गरम जागी पडू देऊ नये.

आंबताना फर्मेंटरमधून फेस ओसंडून वाहिला. बिअर जोमदार आहे, असे समजावे का?

यीस्ट जोमदार आहे, पण ओसंडून गेला तो तुमच्या ग्लासातला फेस होता. फेस धरणारी प्रथिने एकदा पडद्यात ताणली गेली की त्यांतली बरीचशी पुन्हा पूर्ववत विरघळत नाहीत. प्रत्येक वेळी वर आलेला, भिंतीला वाळून चिकटलेला किंवा नळीतून बाहेर गेलेला फेस हा पुढच्या फेसातून वजा होतो. म्हणून फर्मेंटरमध्ये वर ऐसपैस जागा ठेवावी, यीस्ट घातल्यानंतर तो हलवू नये, आणि केग (बिअरचे धातूचे पिंप) असल्यास वायू लवकर मुरावा म्हणून तो जोरजोराने घुसळू नये.

बाटलीत साखर किती घालावी?

बाटलीत घातलेली साखर उरलेले यीस्ट खाते आणि त्यातून वायू तयार होतो. वायू कमी असेल तर प्रथिने कितीही असोत, त्यांना गुंडाळायला बुडबुडेच मिळणार नाहीत. साधारण एल प्रकारच्या बिअरमध्ये प्रत्येक लिटरमागे सुमारे २.४ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असावा. २० अंशांवर आंबलेल्या वीस लिटर बिअरला यासाठी अंदाजे १२० ग्रॅम साधी साखर लागते. बिअर ३० अंशांवर आंबलेली असेल तर तिच्यात आधीचा वायू कमी उरलेला असतो, आणि त्यामुळे साखर १३५ ग्रॅमच्या आसपास न्यावी लागते. साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकत्र मिसळावी. प्रत्येक बाटलीत चमच्याने टाकल्यास एक बाटली मुकी राहते आणि दुसरी फुटते. दोन-तीन आठवडे बाहेर ठेवून नंतर किमान दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवावी. सकाळी थंड करायला ठेवून संध्याकाळी उघडलेल्या बाटलीतला वायू पुरता मुरलेला नसतो, तो वरच्या जागेतून फुस्सकन निघून जातो.

बाटली उघडताच कारंजे उडते. हा चांगला फेस आहे का?

हा फेस नव्हे, बिघाड आहे. साखर जास्त पडली असेल, आंबणे पुरे होण्याआधी बाटल्या भरल्या असतील, किंवा बाटलीत जंगली यीस्ट अथवा जिवाणू शिरले असतील. चौथे कारण धान्यातल्या बुरशीचे आहे: शेतात फ्युझेरियम बुरशी लागलेल्या बार्लीतून काही खास प्रथिने येतात आणि त्यांच्यामुळे वायू एकदम उसळतो. एकच बाटली उसळली तर ती बाटली नीट धुतली गेली नव्हती. सगळ्याच उसळल्या तर बाकीच्या ताबडतोब थंड कराव्यात आणि डोळ्यांवर चष्मा व हातात जाड मोजे घालून एकेक उघडून वायू सोडावा. बाटली फुटली तर काच भिंतीत रुतून बसते.

फेस वाढवणारी एखादी पावडर घालावी का?

कारखान्यांत प्रॉपिलिन ग्लायकॉल अल्जिनेट वापरतात. खाद्यपदार्थांत मिसळायच्या द्रव्यांच्या यादीत त्याचा क्रमांक ई ४०५. ते तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनिक आम्लापासून करतात, आणि तसल्या शेवाळांपैकी सरगॅसम आपल्याकडे मालवणच्या खडकांवर ओहोटीला पाहायला मिळते. घरगुती बिअरला त्याची गरज मला कधी भासली नाही.

फेसासाठी वाटेल ते घालण्याचा शेवट कुठे होतो, याचे उदाहरण कॅनडातील क्वेबेक शहरात १९६५-६६ साली घडले. फेस टिकावा म्हणून तिथल्या बिअरमध्ये कोबाल्टचे क्षार घातले जात होते. भरपूर बिअर पिणाऱ्या लोकांत हृदयाच्या स्नायूंचा विकार पसरला, अनेक जण दगावले, आणि कोबाल्ट बंद केल्यावर नवे रुग्ण येणे थांबले.

याच्या उलट टोकाला पपई आहे. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन मटण मऊ करते हे आपण जाणतोच. थंड बिअर गढूळ होऊ नये म्हणून ते वापरण्याची पेटंटे लिओ वॉलरस्टाइन यांनी न्यूयॉर्कला १९११ साली घेतली. पपेन प्रथिनांत भेद करीत नाही, गढूळपणाबरोबर फेसही काही प्रमाणात चिरते. परसातली पपई मटणालाच राहू द्यावी.

आयरिश स्टाउटसारखा सायीसारखा दाट फेस घरी येईल का?

तो फेस नायट्रोजनचा आहे. नायट्रोजन बिअरमध्ये फारच कमी विरघळतो, त्यामुळे लहान बुडबुड्यातून मोठ्या बुडबुड्यात जाण्याची त्याची गती मंद असते आणि बारीक फेस बारीकच राहतो. यासाठी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण, केग आणि बारीक छिद्रांचा विशेष नळ लागतो. बाटलीत साखर घालून हे साधत नाही.

ओतावे कसे?

ग्लास थंड पाण्याने खंगाळून ओलाच घ्यावा. फ्रीजरमध्ये बर्फ धरलेला ग्लास घेऊ नये, त्यावरचे हिम वितळून बिअर पातळ करते आणि बिअर उगाच उसळते. बिअर साधारण ६ ते ८ अंशांवर असावी. ग्लास तिरका धरून अर्ध्यापर्यंत ओतावे, मग सरळ करून धार मधोमध सोडावी आणि फेस काठापर्यंत येऊ द्यावा. क्षणभर थांबावे, तो दबला की पुन्हा ओतावे. घाई न करता दोनतीन टप्प्यांत ओतलेला फेस एकदम ओतलेल्या फेसापेक्षा दाट असतो. काही मंडळी फेस म्हणजे दुकानदाराने केलेली फसवणूक समजून ग्लास शेवटपर्यंत तिरकाच ठेवतात. अशी बिअर जिभेवर बोचते आणि पोटात फुगते, कारण जो वायू वर यायचा तो सगळा आत जातो.

सुधारणा खरोखर झाली की नुसती वाटते, हे कसे मोजावे?

म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठातील आर्न्ड लाइके यांनी तीन बिअरचे फेस मोजून दाखवले की फेसाची उंची किरणोत्सारी पदार्थासारखी घातांकी नियमाने घटते, म्हणजे ठरावीक वेळेत ती निम्मी होते. त्यांना २००२ साली भौतिकशास्त्राचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक गमतीचे असले तरी पद्धत घरी वापरण्याजोगी आहे. सरळ उभ्या भिंतींचा ग्लास घ्यावा, शेजारी शाळेची पट्टी उभी चिकटवावी, बिअर ओतून मोबाइलवर चित्रीकरण सुरू करावे आणि दर पंधरा सेकंदांनी फेसाची जाडी लिहावी. समजा ८ सेंटिमीटरचा फेस ९० सेकंदांत ४ वर आला, तर अर्धायुष्य ९० सेकंद. दरवेळी तेच तापमान, तोच ग्लास आणि ओतण्याची तीच उंची ठेवावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

गेल्या मे महिन्यात आम्ही वेंगुर्ल्याच्या घरी ओटीवर बसून विकतच्या एकाच बाटलीवर हा प्रयोग केला. एक ग्लास सोड्याने धुऊन उपडा वाळवलेला होता आणि दुसरा रोजच्या फळीवरून उचललेला. पहिल्याचे अर्धायुष्य दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट भरले. ऑकलंडचा पुतण्या चौथ्यांदा मोजायला निघाला होता, परंतु तोवर सुरमई तळून झाली होती आणि दोन्ही ग्लासांचे काठ तेलकट झाले होते.